अनुदानित की खासगी? पुढच्या प्रवेशात शाळेच्या प्रकाराला किती वजन

अकरावीची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. इंजिनिअरिंगची यादी एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते आणि मेडिकलची नीटच्या गुणांवर. मूल पेठेतल्या अनुदानित शाळेतून आलं की बाणेरच्या लाखभर शुल्काच्या शाळेतून, हे या तिन्ही याद्यांमध्ये कुठेही मोजलं जात नाही. तरीही पुण्यातल्या पालकांची सगळ्यात मोठी धास्ती याच प्रश्नाची असते. त्या धास्तीपोटी काही घरं झेपत नसलेलं शुल्क भरतात, आणि ज्या गोष्टींनी प्रवेश खरोखर अडतो त्यांकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

शाळेच्या प्रकाराने नेमका कुठे फरक पडतो, कुठे पडत नाही आणि कुठे तो फक्त पडल्यासारखा दिसतो, ते पायरीपायरीने पाहू.

आधी शब्द नीट समजून घेऊ

'अनुदानित' म्हणजे सरकारी, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. अनुदानित शाळा खासगी संस्थाच चालवते, मान्यताप्राप्त शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा पगार मात्र राज्य सरकार देतं. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली सुरू झालं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली. पुण्यातल्या जुन्या नावाजलेल्या शाळांपैकी बहुतेक अशाच संस्थांच्या आहेत. खरी सरकारी म्हणता येईल ती महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा.

'विनाअनुदानित' शाळेत पगार शुल्कातून निघतो. मधल्या टप्प्यावरच्या शाळा 'अंशतः अनुदानित' असतात, त्यांना पगाराचा काही हिस्साच सरकारकडून मिळतो. 'स्वयंअर्थसहाय्यित' शाळा २०१२ च्या कायद्याखाली परवानगी घेतात आणि अनुदानावर कधीच हक्क सांगणार नाही असं मान्य करतात. बाणेर, वाकड, हडपसर भागांतल्या नव्या शाळांत या प्रकारच्या बऱ्याच आहेत.

बोर्ड ही वेगळी गोष्ट. सीबीएसई म्हणजे खासगी आणि राज्य मंडळ म्हणजे सरकारी, असं काही नाही. केंद्रीय विद्यालय सरकारी आहे आणि सीबीएसईचं आहे.

मुख्य गुंतागुंत अशी की एकाच संस्थेत, एकाच इमारतीत दोन्ही प्रकारच्या तुकड्या असतात. वाडा एक, बिऱ्हाडं दोन. दार एक, जिना एक, पण एका बिऱ्हाडाचं भाडं बहुतांशी सरकार भरतं आणि दुसऱ्याचं भाडेकरू स्वतः भरतो. अकरावीच्या अर्जात यामुळेच घोटाळे होतात. ते पुढे पाहू.

शुल्काचं एक वळण मात्र इथेच सांगायला हवं. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलाला ते संरक्षण आठवीपर्यंतच असतं. नववीपासून पूर्ण शुल्क लागू होतं आणि अनेक घरांना हे आठवीच्या शेवटी कळतं. अशा मुलाची नववीची सोय सातवीतच शोधायला घ्यावी, कारण चांगल्या अनुदानित शाळांत नववीला जागा क्वचितच रिकाम्या असतात.

खासगीतली मुलं पुढे दिसतात, ते काय खोटं आहे?

खोटं नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो.

मार्केट यार्डात एक व्यापारी फक्त निवडक, एकसारखा, डागरहित हापूस घेतो. दुसऱ्याला बागेतला सगळा माल घ्यावा लागतो, लहान-मोठा, थोडा मार लागलेला. दोघंही सारख्याच पेंढ्यात सारखीच अढी लावतात. आठ दिवसांनी पहिल्याची पेटी देखणी निघणारच. त्यावरून पहिल्याची अढी चांगली असं म्हणता येत नाही. अढीचं कौशल्य पाहायचं तर दोघांना सारखाच आंबा द्यायला हवा.

शाळांचंही तसंच आहे. खासगी शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी सहसा शिकलेले आई-वडील, अभ्यासाला स्वतंत्र जागा, क्लासचे पैसे आणि घरकामातून सुटका असते. शाळेने काही केलं नसतं तरी यातली बरीच मुलं पुढे गेली असती.

आकड्यांत पाहू. हे आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत. समजा, 'अ' कॉलेजात विज्ञानाची ३०० मुलं आहेत आणि सगळी दहावीला ९५ टक्क्यांच्या वरची. 'ब' कॉलेजातही ३००, पण ९५ च्या वरची फक्त ३०. सीईटीला ९८ पर्सेंटाइलच्या पुढे 'अ'ची ६० मुलं गेली आणि 'ब'च्या त्या ३० पैकी ६. फ्लेक्सवर ६० विरुद्ध ६ दिसेल, म्हणजे दहापट. पण तुमचं मूल ९५ टक्क्यांचं असेल तर दोन्हीकडे प्रमाण पाचात एक हेच आहे.

त्यात एकच मूल चार फ्लेक्सवर असू शकतं: शाळेच्या, ज्युनिअर कॉलेजच्या, क्लासच्या, आणि ज्यांच्याकडे फक्त सराव परीक्षा दिल्या त्यांच्याही. म्हणून कोणतीही यशाची यादी समोर आली की तीन प्रश्न विचारा. एकूण किती मुलांपैकी? त्यांचे दहावीचे गुण काय होते? यातली रोज वर्गात बसलेली किती आणि फक्त सराव परीक्षेपुरती आलेली किती? पहिल्याच प्रश्नाला उत्तर टाळलं गेलं तर यादी बाजूला ठेवायला हरकत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही एकदा पक्कं करू. ९५ पर्सेंटाइल म्हणजे १०० मुलांमागे साधारण ५ तुमच्या पुढे आहेत. परीक्षेला ४ लाख मुलं बसली असतील तर ९५ पर्सेंटाइलच्या पुढे २० हजार आणि ९९ च्या पुढे ४ हजार. '९० प्लस' असं ठळक छापलं असेल तर तिथे ४० हजार मुलं पुढे असू शकतात. पुण्यातल्या सगळ्यात मागणीच्या शाखांच्या जागा शेकड्यांत मोजाव्या लागतात.

सारखाच आंबा दोघांना देऊन पाहिलाय का कुणी?

हो. आंध्र प्रदेशातल्या गावांमध्ये कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी असा प्रयोग केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. खासगी शाळेचं शुल्क भरून मिळेल अशी संधी मुलांना सोडत काढून दिली. सोडतीमुळे संधी मिळालेली आणि न मिळालेली, अशा दोन्ही गटांतली मुलं सारखीच होती. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गट बरोबरीत निघाले. हिंदीत खासगीतली मुलं पुढे होती, कारण सरकारी शाळांत त्या वयात हिंदी फारसं शिकवलंच जात नव्हतं. शिवाय खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या साधारण एक तृतीयांश होता, म्हणजे त्यांनी तेवढंच काम कमी पैशात केलं. हा मुद्दा खासगी शाळांच्या बाजूचा आहे आणि तोही लक्षात ठेवायला हवा. मात्र हा अभ्यास गावातल्या प्राथमिक शाळांचा आहे, पुण्यातल्या नववी-दहावीला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

आपल्या कटऑफच्या वेडाला जास्त लागू पडतो तो बॉस्टन आणि न्यूयॉर्कचा अभ्यास. तिथे काही सरकारी हायस्कुलांत प्रवेश परीक्षेने, कटऑफ लावून मुलं घेतात. कटऑफच्या किंचित वर राहून आत गेलेली आणि किंचित खाली राहून बाहेर राहिलेली, अशी जवळपास सारखीच मुलं संशोधकांनी ताडून पाहिली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. न्यूयॉर्कमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात पुढच्या कॉलेजप्रवेशावरही फारसा परिणाम दिसला नाही. अर्ध्या टक्क्याने हुकलेल्या कॉलेजसाठी घरात आठवडाभर जेवण कडू करून घेणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा. कटऑफ म्हणजे शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलाचे गुण. त्यातून मागणी कळते, शिकवणं कळत नाही.

मग शाळेने काहीच फरक पडत नाही का?

पडतो. पण तो 'अनुदानित' किंवा 'खासगी' या पाटीने ठरत नाही, वर्गात कोण उभं आहे त्याने ठरतो. इथे अनुदानित शाळांची एक खरी दुखरी नस आहे.

अनुदानित शाळेत किती शिक्षक मंजूर, हे दरवर्षी विद्यार्थिसंख्येवरून ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. राज्यात मे २०१२ पासून शिक्षकभरतीवर बंदी आली आणि पुढे पवित्र पोर्टल या सरकारी ऑनलाइन प्रणालीमार्फत भरती सुरू झाली तरी ती टप्प्याटप्प्याने होते. निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहते, तास तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधनाच्या, शिक्षकाकडे जातात आणि तो वर्षाच्या मध्यात दुसरीकडे गेला की वर्ग पुन्हा मोकळा. शाळेचं नाव शंभर वर्षं जुनं असलं तरी हे होऊ शकतं. पालकांची ही शंका रास्त आहे.

दुसरी बाजूही पाहा. कायम, पूर्ण पगाराचा, पंधरा-वीस वर्षं तोच विषय शिकवणारा शिक्षक अनुदानित शाळेत टिकतो. कमी पगाराच्या खासगी शाळेत शिक्षक दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात. चकचकीत प्रवेशद्वारावरून यातलं काही कळत नाही.

म्हणून शाळा पाहायला गेलात की हे विचारा. नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, आणि किती वर्षांपासून? त्या विषयाची पदवी आहे का? यंदा किती पदं रिकामी आहेत? विज्ञानाची प्रात्यक्षिकं मुलं स्वतः करतात की शिक्षक टेबलावर करून दाखवतात? प्रयोगशाळेत नळाला पाणी येतं का, तराजू चालू आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत.

शाळा कोणत्या संस्थेची आहे, याचा थेट फायदा एका ठिकाणी मिळतो: इनहाउस कोटा. संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात १० टक्के जागा त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी असतात. अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के जागा त्या अल्पसंख्याक समाजासाठी असतात आणि संस्था स्वतः भरते तो व्यवस्थापन कोटा ५ टक्के. तुमच्या शाळेला इनहाउस लागू होतो का, कोणत्या कॉलेजसाठी, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा, कारण अटी बदलत राहतात. तोंडी आश्वासनावर पाचवीचा प्रवेश घेऊ नका.

अकरावी: नाव एक, कोड दोन

२०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश काही महानगरांपुरते न राहता संपूर्ण राज्यात लागू झाले. त्या वर्षी कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० पसंतिक्रम देता येत होते. सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांची बेरीज, म्हणजे ५०० पैकी गुण, धरून यादी लागते. सीबीएसईची आणि राज्य मंडळाची मुलं एकाच यादीत असतात.

चूक होते ती कोडमध्ये, म्हणजे अर्जात प्रत्येक तुकडीसाठी टाकायच्या क्रमांकात. एका नामांकित कॉलेजची विज्ञान शाखा अनुदानित तुकडीत एका कोडवर असते आणि विनाअनुदानित तुकडीत दुसऱ्या कोडवर. माध्यमानुसारही कोड बदलतो. नाव तेच, इमारत तीच, प्रयोगशाळा बहुधा तीच. कटऑफ आणि शुल्क मात्र वेगळं. अनुदानित तुकडीचं शुल्क तुलनेने अगदी नाममात्र, विनाअनुदानित तुकडीचं त्याच्या अनेक पट. म्हणून अनुदानित तुकडीचा कटऑफ सहसा वर असतो.

आता चूक कशी घडते ते पाहा. पालक फक्त नाव वाचून पहिल्या क्रमांकावर विनाअनुदानित कोड टाकतात. पहिल्या फेरीत तेच मिळतं. कॉलेजात गेल्यावर शुल्काचा आकडा पाहून पायाखालची जमीन सरकते. पण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घेणं बंधनकारक असतं. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं आणि सगळ्यांसाठी खुल्या शेवटच्या फेरीची वाट पाहावी लागते. तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात.

हे टाळायचं तर कागदावर पाच रकाने आखा: कोड, शाखा, अनुदानित की नाही, मागच्या वर्षीचा तुमच्या प्रवर्गाचा कटऑफ, दोन वर्षांचं शुल्क. एकाच कॉलेजचे दोन्ही कोड हवे असतील तर अनुदानित वर आणि विनाअनुदानित खाली. उलटं टाकलं तर स्वस्त जागा मिळण्याइतके गुण असूनही महाग जागा पदरात पडेल.

वरच्या क्रमांकावर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. संगणक मुलाचे गुण घेऊन यादी वरून खाली वाचतो आणि जिथे पहिल्यांदा जागा सापडते तिथे थांबतो. फक्त दहाही क्रमांक आवाक्याबाहेरच्या कॉलेजांनी भरू नका. दोन-तीन जागा अशा ठेवा, जिथे गेल्या वर्षीचा कटऑफ तुमच्या गुणांच्या बराच खाली होता.

बायफोकल, म्हणजे नेहमीच्या दोन विषयांऐवजी घ्यायच्या व्यावसायिक विषयाचं आकर्षण असेल तर आधी एक समजून घ्या. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलं की एक भाषा आणि सहसा जीवशास्त्र सुटतं. मेडिकलचा विचार मनात असेल तर ते करू नका.

पण इंटिग्रेटेड कॉलेजचा तरी उपयोग होतो ना?

इंटिग्रेटेड म्हणजे कॉलेजचा प्रवेश नावापुरता आणि दिवसभर क्लास. ज्या मुलाला ठरावीक वेळापत्रक आणि नियमित सराव परीक्षा मानवतात, त्याला क्लासचा उपयोग होतो, हे मान्य. पण त्यासाठी कॉलेजचा वर्ग सोडावा लागत नाही, आणि सोडण्याची किंमत बरीच आहे.

बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा शासन निर्णय राज्याने २०१८ सालीच काढला, आणि सीबीएसईनेही अशा डमी शाळांवर कारवाई केली आहे. शाळेची मान्यता गेली तर अडकतं मूल.

दुसरं, बारावीचे गुण अजूनही दाराशी उभे आहेत. राज्यातल्या इंजिनिअरिंगसाठी खुल्या गटाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणितात मिळून ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. नीटला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्रात मिळून खुल्या गटाला ५० आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के. आयआयटी-एनआयटीला बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५, किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. उत्तम पर्सेंटाइल असूनही इथे अडकलेली मुलं दरवर्षी असतात. एमएचटी-सीईटीचा पेपरही राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर, अकरावीला साधारण २० टक्के आणि बारावीला ८० टक्के वजन देऊन निघतो. म्हणजे बारावीचं पुस्तक बाजूला ठेवून सीईटी करणं हा उलटा प्रवास आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी जणांना माहीत असते. बारावी कुठून केली यावर होम युनिव्हर्सिटी ठरते, म्हणजे मूल कोणत्या विद्यापीठाच्या भागातलं धरायचं ते. विद्यापीठाशी संलग्न बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भाग पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांचा. पुण्यातल्या मुलाने लातूरला जाऊन बारावी केली, की पुण्यातल्या कॉलेजांसाठी तो बाहेरचा होतो. क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथूनच बारावी केली तर मेडिकलचं नुकसान याहून मोठं. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, काही अपवाद सोडता. क्लास कुठेही करा, बारावीचा प्रवेश पुण्यात ठेवा.

इंग्रजी माध्यमाशिवाय पुढे निभाव लागेल?

अकरावी विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाला पहिले तीन-चार महिने जड जातात. हे लपवण्यात अर्थ नाही. अडचण सहसा संकल्पनेची नसते, शब्दांची असते. 'त्वरण' पक्कं कळलेलं मूल 'अॅक्सिलरेशन' हा शब्द दोन दिवसांत उचलतं. सेमी-इंग्रजी तुकडीत गणित-विज्ञान इंग्रजीतून झालेलं असल्याने हा उंबरठा खूपच कमी होतो, आणि पुण्यातल्या अनेक अनुदानित शाळांत सेमी-इंग्रजी आहे. पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलाने दहावीच्या सुट्टीत आठवी ते दहावीची गणित-विज्ञानाची इंग्रजी पाठ्यपुस्तकं वाचून काढावीत. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत आहेत. रोज तासभर दिला तर सहा आठवडे पुरतात.

परीक्षेच्या भाषेची भीती बाळगू नका. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मराठीत मिळतं, गणित मात्र फक्त इंग्रजीत.

कॉलेजचं ऑफिस, ज्याकडे कुणी पाहत नाही

राखीव प्रवर्गातल्या मुलाचं भवितव्य कधीकधी प्रयोगशाळेपेक्षा ऑफिसातल्या कारकुनाच्या हातात असतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे ज्युनिअर कॉलेजच्या शिफारशीने जातो. सीईटीचा निकाल लागल्यावर अर्ज केला तर प्रमाणपत्र वेळेत हातात येईलच असं नाही, आणि मग राखीव जागा सोडून मूल खुल्या यादीत जातं. तिथे तेच गुण अपुरे पडतात.

अकरावीचा प्रवेश पक्का झाला की त्याच महिन्यात ऑफिसात विचारा: पडताळणीचे अर्ज तुम्ही केव्हा पाठवता? वडील, आजोबा यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरची जातीची नोंद जुळते का, हे घरी आधीच पाहा. आडनावाचं किंवा नावाचं एक अक्षर वेगळं असेल तरी त्रुटी निघते आणि ती दूर करायला काही महिने जाऊ शकतात. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र मात्र फार लवकर काढून उपयोग नाही, त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेशाच्या वर्षी चालू मुदतीचं दाखवावं लागतं. मुलीच्या बाबतीत तर जात आणि उत्पन्न या दोन्हींचे कागद जास्तच जपा: वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, आणि ही माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती मिळत नाही.